सहाशे ग्रॅमचा कोंबडा

आईबाबा आखात सोडून कायमचे पुण्याला जायला निघाले, तेव्हा रोल्ला भागातल्या त्यांच्या फ्लॅटमधला कपाटाचा माथा रिकामा करायचं काम माझ्याकडे आलं. आतले कपडे आईने स्वतःच लावले होते. वर खोके होते आणि तिथे पोचायला स्टूल लागत होतं. बाबांचा गुडघा आणि आईची चक्कर धरून हिशेब केला तर चढणारी मीच उरत होते.

आमच्या घरात पस्तीस वर्षांत एकही खोका टाकून दिलेला नाही. मिक्सरचा, इस्त्रीचा, पहिल्या टीव्हीचा, प्रत्येकात मूळचा थर्मोकोल जसाच्या तसा. "जाताना लागतील," असं आई म्हणायची. जाताना म्हणजे नक्की कधी, हे कोणी विचारत नसे, कारण ते नेहमीच एक-दोन वर्षांवर आलेलं असायचं. आता खरंच जायची वेळ आली, तर खोके ठणठणीत होते आणि वस्तू केव्हाच मोडीत निघाल्या होत्या.

सगळ्यात मागे, भिंतीला टेकवून ठेवलेला एक लहान खोका निघाला. त्यावर आईच्या अक्षरात माझ्या चुलतभावाचं नाव होतं आणि खाली ‘पुणे’. आत हातात धरून खेळायचा निळा व्हिडिओ गेम. सेल काढून ठेवलेले, ओल शोषणारी पुडी बाजूला, आणि सगळ्या अंगाला वह्यांच्या कव्हरचं जाड पारदर्शक प्लास्टिक, मागे चिकटपट्टीने घट्ट बंद केलेलं. टीव्हीचा रिमोट आमच्याकडे असाच बांधलेला असायचा. तो निदान आमचा तरी होता.

मी बराच वेळ स्टुलावरून उतरले नाही, म्हणून आईने वर पाहिलं.

"अगं, तो दे इकडे. त्याचा आहे तो. ह्या वेळी नेऊ या."

ज्याचा होता तो आता सदतीस वर्षांचा आहे. डोक्यावरचे केस जवळजवळ गेले आहेत, दोन मुलं आहेत, आणि सकाळी साडेनऊपासून तो दुकानात गाड्यांचे सुटे भाग विकतो.

मी आठ वर्षांची होते तेव्हा बाबांनी तो गेम रोल्लाच्याच एका दुकानातून घेतला. काकांचा मुलगा तेव्हा दहाचा. दुकानदाराने किंमत सांगितल्यावर बाबांनी दिरहमचे रुपये मोठ्याने केले, स्वतःच दचकले आणि तरीही घेतला. त्याच शुक्रवारी फोनवर पुण्याला सांगूनही टाकलं, "तुझ्यासाठी व्हिडिओ गेम घेतलाय." फोनवर दिलेला शब्द आमच्याकडे कोर्टातल्या शब्दासारखा असायचा. मी शेजारीच उभी होते. मला काय घेतलं, हे काकूने विचारलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही, कारण मी तर इथेच राहत होते, मला सगळं मिळतच होतं.

त्या उन्हाळ्यात सामान भरताना एक मिंक ब्लँकेट जास्त निघालं. बॅग तीस किलोंच्या वर गेली. आईने गेम बाहेर काढला आणि म्हणाली, "राहू दे. पुढच्या खेपेला नेऊ."

पुढची खेप म्हणजे पुढचा जून. मधले अकरा महिने तो गेम आमच्या घरी होता आणि मीही. मी इतकी भुणभुण लावली की शेवटी आईने परवानगी दिली, पण अटींवर. रोज अर्धा तास. जेवणाच्या हातांनी नाही. प्लास्टिक काढायचं नाही. वस्तू नवीच्या नवी राहिली पाहिजे, कारण ती दुसऱ्याची आहे. दर काही महिन्यांनी बटणांवरचं प्लास्टिक पांढुरकं होई, मग आई ते फाडून नवं बांधायची. त्याच्या खाली, पडद्यावर, कारखान्यातून आलेली पातळ निळसर फिल्म होती. तिला मात्र कोणी हात लावायचा नाही. फिल्म निघाली की वस्तू वापरलेली ठरते.

गेमचं नाव जपानी अक्षरांत होतं, म्हणून आम्ही त्याला कोंबडाच म्हणायचो. एक गुबगुबीत कोंबडा होता. त्याला उडता येत नसे, फक्त धावता आणि उड्या मारता येत. पेंढ्याच्या गंजीवरून कौलांवर, कौलांवरून ढगावर, वाटेत दाणे टिपत. खड्ड्यात पडला की तो आधी आपल्याकडे पाहायचा आणि मग खाली जायचा. त्या पाहण्याचा मला फार राग यायचा. माझी चूक असे, हे मला कळत होतंच, त्याने बघून दाखवायची गरज नव्हती.

पहिलं शेत, मग बाजार, मग नदी, मग बर्फ. बर्फात मी अडकले. एका कड्यावर कोंबडा पोचायचा आणि पुढे काहीच नसायचं. फिकट आभाळ आणि खाली दरी. मी लांब उडी मारली, बुटकी मारली, मागून धावत येऊन मारली. दर वेळी कोंबडा माझ्याकडे बघून खाली. असे किती अर्धे तास गेले, ते मोजायची तेव्हा अक्कल नव्हती.

शेवटी मी बाबांना दाखवलं. ते अल क्वोजच्या एका गोदामात स्टोअरकीपर होते. कोणता माल अस्सल, कोणता नकली, हे त्यांना हात लावून कळतं असं घरात मानलं जायचं. त्यांनी दोन वेळा कोंबड्याला दरीत घातलं, चष्मा कपाळावर चढवला आणि निकाल दिला, "डुप्लिकेट आहे हे. पुढे भरलेलंच नाहीये काही. खलास."

मी ते मान्य केलं. मला तेव्हा आणि नंतरही बरंच काही असं मान्य करायची सवय होती. रोज शेतापासून सुरू करायचं, कड्यापर्यंत जायचं आणि बंद करायचं. इथे जग संपतं हे एकदा ठरल्यावर बरंही वाटायचं. तरी तो कोंबडा मला हवा होता. अर्धवट, नकली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला का होईना, पण माझ्याच घरात राहायला हवा होता.

म्हणून दुसऱ्या जूनमध्ये मी चोरी केली. चोरी म्हणजे उलटी चोरी.

आमच्याकडे सामान भरायचा एक ठरलेला सोहळा होता. बॅग पलंगावर उघडी. आई वस्तू लावायची, बाबा आकड्याच्या काट्याला बॅग अडकवून उचलायचे आणि चेहरा लाल करून आकडा वाचायचे. जास्त भरलं की आई वरून खाली क्रमाने वस्तू काढायची. तो क्रम तिच्या डोक्यात पक्का होता. दुधाच्या पावडरीचे डबे, बदाम, खजूर, साबण, काकूची अत्तरं ह्यांना धक्का लागत नसे. गेम सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात आधी बाहेर येणारा. खोक्यासकट तो सहाशे ग्रॅम भरायचा. आकडा मला पाठ होता.

त्या वर्षी बॅग बरोबर तीस भरत होती. गेम जाणार होता. आई फोनवर गेली तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या शेल्फवरून पावडरीचा एक डबा, नऊशे ग्रॅमचा, पट्ट्यापट्ट्यांच्या टॉवेलात गुंडाळला आणि बॅगेच्या कोपऱ्यात तळाशी सारला. बाबांनी पुन्हा काटा लावला. तीस पॉइंट नऊ.

"आत्ता तर तीस होती," आई म्हणाली.

"काटा जुना झालाय," बाबा म्हणाले. "यल्ला, काढ काहीतरी, टॅक्सी येईल."

आईने गेम काढला. "राहू दे. पुढच्या खेपेला." माझा जीव भांड्यात पडला.

पुण्यात बॅग उघडल्यावर आईने डबे जमिनीवर मांडले आणि दोनदा मोजले. "मी तर चारच घेतले होते." काकू खूष झाली, पाचवा डबा तिने लगेच आत नेला. भाऊ आई-काकूंच्या मागे घुटमळत होता. त्याने विचारलं, "काकू, गेम?" आईने त्याच्या केसांतून हात फिरवला आणि तेच वाक्य सांगितलं. तो हो म्हणाला आणि बाहेर खेळायला गेला. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण घरी परत आल्यावर तो गेम तिथे असणार होता, आणि माझ्यापुरतं तेवढं पुरेसं होतं.

पुढची तीन वर्षं मी हेच केलं. टॉवेल तोच, कोपरा तोच. पुण्यात दर वेळी एक डबा जास्त निघे. पहिल्या वर्षानंतर आईने पुन्हा मोजून दाखवलं नाही. मला वाटलं, तिच्या लक्षात येत नाही. मुलांना आईबापांविषयी असं वाटत असतं आणि ते वाटणं मोठेपणी बरंच महाग पडतं.

पाचव्या वर्षी भावाने गेमचं विचारलंच नाही. तो क्लासला जायला लागला होता. मीही तोवर कड्यापर्यंत जायचं सोडून दिलं होतं. आईने सेल काढले, नवं प्लास्टिक बांधलं, खोक्यावर त्याचं नाव लिहिलं आणि खोका कपाटावर ठेवून दिला.

तर आता मी स्टुलावरून उतरले आणि आईला म्हणाले, "आठवडाभर मला दे. निघायच्या आधी आणून देते."

"कशाला?"

"एकदा खेळते."

आईने क्षणभर माझ्याकडे बघितलं. "प्लास्टिक काढू नकोस," ती म्हणाली. मग शेल्फकडे बोट दाखवलं. "आणि तो पावडरीचा एक डबा उरलाय, तो जाताना घेऊन जा. चहाला होईल." गेमच्या नादात डबा मी तिथेच विसरले.

आम्ही इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत राहतो. शनिवारी सकाळी नवरा भाजी आणायला गेला होता, मी नवे सेल घालून सोफ्यावर बसले, शेजारी आठ वर्षांची मुलगी. गेम लगेच सुरू झाला. शेत आलं, गंजी आल्या, तोच कोंबडा. फार काही उचंबळून वगैरे आलं नाही. आवाज आठवत होता त्यापेक्षा किरकिरा होता आणि दाणे बरेच कमी होते. अंगठे मात्र माझ्या आधी पोचत होते. बाजारात कोणत्या टोपलीवर थांबायचं नाही, हे मला सांगता आलं नसतं, त्यांना माहीत होतं.

"व्हाय इज इट इन अ बॅग?" मुलीने विचारलं.

"आजीने बांधलाय. खराब होऊ नये म्हणून."

"बट इट्स सो ओल्ड."

नदी झाली, बर्फ आला, कडा आला. मी थांबले. "इथे संपतो," मी तिला सांगितलं. "पुढे काही नाही. डुप्लिकेट आहे."

तिने माझ्या हातातून तो घेतला. डोळ्यांजवळ नेला, तिरका केला, परत सरळ केला. मग मी काही म्हणायच्या आत चिकटपट्टी नखाने सोडवली, प्लास्टिक उतरवलं आणि पडद्यावरच्या फिल्मचं टोक चिमटीत धरून ती सरकन ओढून काढली. सत्तावीस वर्षं सांभाळलेली फिल्म निघायला तेवढाच वेळ लागला.

"मम्मा, लुक. स्टेअर्स."

दरीवर पायऱ्या होत्या. पांढऱ्या, बर्फाच्या, फिकट निळ्या आभाळावर. अगदी फिकट, पण होत्या. सहा पायऱ्या, आणि पलीकडे एक लाल कौलांचं घर. फिल्मचा निळसरपणा आणि वरचं पांढुरकं प्लास्टिक ह्यांच्यात त्या गडप झाल्या होत्या. गेम अस्सल होता. पुढे सगळं भरलेलं होतं.

मी सहा उड्या मारल्या. कोंबडा घरात गेला, दोनदा आरवला, आणि पुन्हा शेत सुरू झालं. एवढंच होतं. मुलगी टाळ्या वाजवून चित्रं काढायला निघून गेली आणि मी तशीच बसून राहिले. मला राग आला होता. चांगला सणसणीत. कोणाचा, ते ठरवता येईना. बाबांच्या निकालाचा आला, आईच्या प्लास्टिकचा आला, आणि तेव्हाच्या आठ वर्षांच्या माझ्यातल्या त्या मुलीचा सगळ्यात जास्त, जिने एवढे दिवस खेळून एकदाही ती फिल्म ओढून पाहिली नाही. पण ती कशी ओढणार? दुसऱ्याची वस्तू होती.

गुरुवारी मी गेम परत नेऊन दिला. आईने तो उलटसुलट केला आणि तिचा चेहरा पडला.

"फिल्म काढलीस?"

"नातीने काढली तुझ्या. आई, खाली पायऱ्या होत्या. त्या प्लास्टिकमुळे दिसत नव्हत्या."

"आता हा त्याला कसा द्यायचा?"

"तो सदतीस वर्षांचा आहे, आई! काय करणारे तो ह्याचं? दुकानात गिऱ्हाईकांसमोर खेळणारे?"

"त्याला सांगितलं होतं आपण."

"आणि मी? मी चार वर्षं खेळले ह्याच्याशी. एकदा तरी म्हणालीस का, की राहू दे, तुझाच आहे?"

बाबा पेपरांची रद्दी बांधत होते, ते थांबले. मला इतक्या मोठ्याने बोलायचं नव्हतं. आईने ड्रॉवरमधून कव्हरचं प्लास्टिक काढलं, कात्रीने कापलं आणि गेमला पूर्वीसारखंच बांधायला घेतलं. कडा दुमडून, चिकटपट्टीवर अंगठा फिरवून. एक बाजू वाकडी झाली. ती तिने सोडवली आणि पुन्हा लावली. मग खोक्यात घालून तिने तो बॅगेत सगळ्यात वर ठेवला. मी तिथून उठून गॅलरीत गेले.

रविवारी दुपारचं विमान होतं. निघण्याआधी मीच बॅगांचं वजन केलं, आता काटा डिजिटल आहे. बाबांची एकोणतीस पॉइंट सहा. आईची बरोबर तीस. व्हिसा रद्द झाल्याचे कागद बाबांच्या शर्टाच्या खिशात होते. फ्लॅट झाडून काढला होता, नुसत्या भिंती होत्या. मी आणि बाबा लिफ्टकडे गेलो. आई म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी नळ बघून येते," आणि तिची बॅग ओढत दोन मिनिटांनी आली.

विमानतळावर नवरा आणि मुलगीही बरोबर होते. काउंटरवरच्या मुलीने आईची बॅग पट्ट्यावर घेतली.

"आंटी, तीस पॉइंट नौ है. आधा किलो तक मैं छोड़ देती हूँ, थोड़ा निकाल दीजिए."

"घरी तर तीस होती," मी म्हणाले.

"काटा चुकला असेल," आई म्हणाली.

तिने रांगेच्या बाजूला बॅग आडवी केली, चेन उघडली आणि अजिबात न शोधता वरचा खोका काढून माझ्या हातात दिला.

"राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला नेऊ."

मी खोका काखेत धरला आणि चेन लागावी म्हणून दुसऱ्या हाताने कपडे दाबायला वाकले. तळाच्या कोपऱ्यात काहीतरी टणक, गोल लागलं. वर टॉवेल गुंडाळलेला होता. टॉवेल नवा होता, पण तो आकार माझ्या हाताला ओळखीचा होता. पुण्याला आता कोणी पावडर नेत नाही. काकू दर फोनवर बजावते, काही आणू नका, इथे सगळं मिळतं.

मी वर पाहिलं. आई माझ्याकडेच बघत होती.

"नीट दाब, चेन अडकेल," ती म्हणाली.

मी दाबलं. तिने चेन लावली. ह्या वेळी काटा तीस पॉइंट तीन दाखवत होता, काउंटरवरच्या मुलीने पट्टी चिकटवली आणि बॅग आत गेली. आईने मला जवळ घेतलं, पण खोका मध्ये आल्यामुळे ते धड जमलं नाही. बाबा म्हणाले, "यल्ला, चला." मग ते दोघं पासपोर्टच्या रांगेत लहान लहान होत गेले आणि वळले.

गाडीत बसल्यावर मुलीने मागून विचारलं, "मम्मा, आजीची नेक्स्ट खेप व्हेन इज इट?"

मला रडू आलं, आणि ते मी तिच्यापासून लपवलंही नाही. नवऱ्याने गाडी सुरू न करता तशीच उभी ठेवली. मी मांडीवरचा खोका उघडला, गेम बाहेर काढला आणि मागच्या बाजूला चिकटपट्टीचं टोक नखाने शोधू लागले.